फ्लोरिडात घर घेताना: छप्पर सामायिक की स्वतःचे

हेलिन आणि मिल्टन ही दोन चक्रीवादळे 2024 साली अवघ्या तेरा दिवसांच्या अंतराने टॅम्पा परिसराला झोडपून गेली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही तिथेच घर विकत घ्यायला निघालो, हे ऐकून भारतातल्या बहुतेक नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. परंतु आमच्या दोघांच्या नोकऱ्या इथे होत्या, मुलीची शाळा इथे होती, भाडे दर नूतनीकरणाला वाढत होते, आणि वादळांनंतर बाजार, विशेषतः समुद्राजवळच्या काँडोंचा बाजार, चांगलाच थंडावला होता. घर घ्यायचे की नाही हा प्रश्न आमच्यापुरता मिटलेला होता. उरला होता तो प्रश्न काँडो घ्यायचा की स्वतंत्र घर, एवढाच, आणि त्याने आमचे पुढचे काही महिने खाल्ले.

काँडो म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा सोसायटीतला फ्लॅट. आतली जागा तुमच्या एकट्याच्या मालकीची, आणि भिंती, गच्ची, लिफ्ट, वाहनतळ, तरणतलाव यांत सर्वांचा मिळून अविभक्त हिस्सा. देखभालीसाठी दरमहा शुल्क भरायचे आणि निर्णय निवडून आलेल्या मंडळाने घ्यायचे. स्वतंत्र घरात जमीन तुमची, छप्पर तुमचे आणि त्या छपराची काळजीही तुमचीच.

आमच्या दोघांची मते सुरुवातीला जी होती ती आमच्या पूर्वायुष्यावरून कोणी ओळखू शकला नसता. माझा नवरा श्रीवर्धनचा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्याच्या घराची कौले उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. हे सगळे त्याने इथून फोनवर ऐकले होते, आणि तेव्हापासून उतरत्या छपराच्या घरावरचा त्याचा विश्वास उडाला होता. त्याला काँक्रीटची इमारत, वरचा मजला आणि डोक्यावर स्लॅब हवा होता. मी डोंबिवलीत फ्लॅटमध्ये वाढले. वडील कित्येक वर्षे सोसायटीचे सचिव होते. पाण्याच्या टाकीची गळती काढायची की रंग आधी लावायचा यावरून सर्वसाधारण सभेत होणारी भांडणे मी लहानपणापासून ऐकली होती. त्यामुळे फ्लॅटची सवय मला आणि फ्लॅटवर अविश्वासही माझाच, अशी स्थिती होती.

या भागात घर पाहताना सर्वांत आधी कळले पाहिजे ते हे की वारा आणि पाणी ही दोन वेगवेगळी संकटे आहेत. त्यांचे नकाशे वेगळे, विमे वेगळे आणि त्यांपासून बचावाचे उपायही वेगळे. केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे फेमा, पुराचे नकाशे काढते. त्यात एई आणि व्हीई हे धोक्याचे पट्टे, व्हीईमध्ये पाण्याबरोबर लाटांचा मारही धरलेला, आणि एक्स हा तुलनेने कमी धोक्याचा. धोक्याच्या पट्ट्यात दरवर्षी पूर येण्याची शक्यता किमान एक टक्का मानलेली असते. ऐकायला हे नगण्य वाटते, पण तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तीच शक्यता सव्वीस टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चारात एक. याखेरीज प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, स्थलांतराचा नकाशा निराळा असतो. त्यात ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि त्यांचा संबंध वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याशी, म्हणजे वादळी उधाणाशी असतो. एखादे घर पुराच्या नकाशात एक्समध्ये आणि स्थलांतराच्या नकाशात बीमध्ये असू शकते. विक्रेत्याच्या जाहिरातीत यांपैकी जे अक्षर सोयीचे असेल तेवढेच लिहिलेले असते, म्हणून आम्ही प्रत्येक पत्ता दोन्ही नकाशांवर स्वतः तपासू लागलो.

हेलिनने पाण्याचा धडा शिकवला होता. ते वादळ 26 सप्टेंबरच्या रात्री जमिनीवर आले ते आमच्यापासून कितीतरी उत्तरेला, पेरी गावाजवळ. टॅम्पाला वाऱ्याचा तडाखा त्या मानाने बेताचाच बसला. तरीही टॅम्पा उपसागराचे पाणी पाच ते सात फूट चढले आणि सेंट पीटर्सबर्गमधली शोअर एकर्ससारखी सखल वस्ती, तसेच किनाऱ्याला समांतर असलेल्या चिंचोळ्या बेटांवरची गावे बुडाली. 9 ऑक्टोबरला मिल्टन आले ते दक्षिणेला सिएस्टा की या बेटाजवळ, त्यामुळे ज्या उधाणाची सगळ्यांनी धास्ती घेतली होती ते टॅम्पात आलेच नाही. उलट उपसागराचे पाणी काही काळ आत ओढले गेले. मात्र सेंट पीटर्सबर्गमध्ये एका दिवसात सुमारे अठरा इंच पाऊस पडला, ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल मैदानाचे कापडी छत फाटून गेले, आणि टॅम्पाच्या उत्तर भागात, समुद्रापासून कित्येक मैल आत असलेल्या वस्त्यांत, ज्यांना पुराची कधी कल्पनाही नव्हती अशा लोकांच्या दिवाणखान्यांत पाणी शिरले. समुद्रापासून लांब गेले की सुटलो, हा हिशेब तेव्हापासून आम्ही सोडून दिला.

नवऱ्याचे वरच्या मजल्याचे गणित मात्र अजून शाबूत होते. सहाव्या मजल्यावर समुद्र येणार नाही, काँक्रीटच्या चौकटीला वारा काही करणार नाही, आणि खिडक्या आघात सोसणाऱ्या काचेच्या असल्या की झाले, असे तो म्हणे. ते खरेही होते. पण स्थलांतराचा आदेश मजला पाहून निघत नाही. ए विभागातल्या इमारतीतल्या दहाव्या मजल्यावरच्या माणसालाही घर सोडावेच लागते, कारण वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणजे पाणी बंद, आणि खाली रस्त्यावर पाणी असेल तर रुग्णवाहिका येऊ शकत नाही. शिवाय इमारतीचे वीजजोडणीचे फलक, लिफ्टची यंत्रणा, आग विझवण्याचे पंप हे बहुधा तळमजल्यावर असतात, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली विजेची उपकरणे पुसून परत लावता येत नाहीत, ती बदलावीच लागतात. आमच्या ओळखीचे एक मराठी कुटुंब फोर्ट मायर्स भागात काँडोत राहत होते. सप्टेंबर 2022 मध्ये इयन चक्रीवादळ आले तेव्हा त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात एक तावदानही तडकले नाही. तरीही इमारतीचा तळमजला उद्ध्वस्त झाल्यामुळे त्यांना वर्षभराहून अधिक काळ तिथे राहता आले नाही. त्या काळात कर्जाचा हप्ता, काँडोचे मासिक शुल्क आणि दुसरीकडचे भाडे अशा तिन्ही गोष्टी त्यांनी भरल्या. हा प्रसंग त्यांनी सांगितल्यानंतर नवऱ्याने पहिल्यांदा “आपण कागद बघू या” असे म्हटले.

ज्या काँडोवर आमचे मन बसले तो पिनेलस काउंटीत, उपसागराकडे तोंड असलेल्या, 1980 च्या दशकात बांधलेल्या इमारतीत होता. दोन वर्षांपूर्वी तसाच फ्लॅट ज्या किमतीला गेला होता त्याहून आता बरीच कमी किंमत मागितली जात होती. एवढी घसरण केवळ वादळांमुळे झालेली नव्हती, तिचे मूळ आणखी मागे होते. 24 जून 2021 च्या पहाटे मायामीजवळच्या सर्फसाइडमध्ये शँप्लेन टॉवर्स साउथ ही 1981 साली बांधलेली बारा मजली इमारत कोसळली आणि 98 माणसे मेली. त्यानंतर मे 2022 मध्ये फ्लोरिडाने कायदा केला: तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडो इमारतींची ठरावीक वयानंतर, साधारण तिसाव्या वर्षी, अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी झालीच पाहिजे, आणि छप्पर, भारवाहक भिंती, अग्निशमन, नळ, वीज, जलरोधन अशा गोष्टींचे उरलेले आयुष्य व बदलण्याचा खर्च काढून त्यासाठीचा राखीव निधी प्रत्यक्षात जमवला पाहिजे. पूर्वी सदस्य बहुमताने हा निधी माफ करून घेऊ शकत, आणि समुद्रकिनारी निवृत्त आयुष्य घालवणारी मंडळी वर्षानुवर्षे तसा ठराव करीत असत. 2025 च्या अंदाजपत्रकापासून ती सोय गेली, आणि चाळीस वर्षे न भरलेले पैसे एकदम भरण्याची पाळी आली. त्यामुळे मासिक शुल्क वाढले, त्याखेरीज भरायच्या विशेष वर्गण्या आल्या, ज्यांना त्या झेपेनात ते विकायला निघाले.

महाराष्ट्रातल्या सोसायटीच्या सभासदाला यात नवे काही नाही. आपल्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड आहे, दुरुस्ती निधी आहे, पंधरा वर्षांवरच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण आहे. ते किती ठिकाणी वेळेवर होते हे वडिलांच्या मुलीला विचारावे! म्हणूनच आमच्या एजंट बाईंनी जेव्हा “इमारत उत्तम सांभाळलेली आहे” असे सांगितले, तेव्हा मी दिवाणखान्यातल्या दृश्याकडे पाठ फिरवून मागच्या दोन वर्षांची सभावृत्ते मागितली. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराला ही कागदपत्रे मिळतात: नियमावली, अंदाजपत्रक, तपासणीचा अहवाल, राखीव निधीचा अभ्यास. ती हातात पडल्यावर करार रद्द करायला त्या वेळी शनिवार-रविवार व सुट्ट्या वगळून तीन दिवस मिळत; जुलै 2025 पासून ही मुदत सात दिवसांची झाली आहे, आणि ते बरे झाले, कारण तीन दिवसांत चारशे पाने वाचायला घरात एक रिकामा माणूस हवा.

सभावृत्ते मी रात्री मुलगी झोपल्यावर वाचली. अंदाजपत्रकापेक्षा त्यांत इमारतीचा स्वभाव अधिक कळतो. तपासणीचा पहिला टप्पा, म्हणजे केवळ पाहणी, झाला होता. त्यात वाहनतळाच्या खांबांवर आणि सज्ज्यांच्या कडांवर काँक्रीटचे पापुद्रे निघून गंजलेल्या सळया दिसत असल्याची नोंद होती, आणि त्यामुळे फोडून, नमुने घेऊन करायचा दुसरा टप्पा आवश्यक ठरला होता. तो कोणाकडून करून घ्यायचा यावर मंडळाची तीन बैठकांत चर्चा झाली होती आणि प्रत्येक वेळी आणखी एक दरपत्रक मागवायचे ठरले होते. राखीव निधीचा अभ्यास 31 डिसेंबर 2024 पर्यंत पूर्ण व्हायला हवा होता. तो “प्रगतिपथावर” होता. (पुढे जून 2025 मध्ये शासनानेच ती मुदत वर्षभराने वाढवली, तेव्हा आमच्या इमारतीचे मंडळ एकटेच रेंगाळत नव्हते हे उघड झाले.) मधल्या काळात स्वागतकक्षाचे फर्निचर मात्र एकमताने बदलले गेले होते. विक्रेत्याने मंजूर झालेली विशेष वर्गणी आपण भरू असे कबूल केले होते, पण जी वर्गणी अजून मंजूरच झालेली नाही, पण येणार हे सभावृत्त वाचणाऱ्या कोणालाही दिसते आहे, तिच्याबद्दल करारात चकार शब्द नव्हता.

विम्याचा हिशेब तर याहून गुंतागुंतीचा निघाला. इमारतीचा विमा फ्लॅटमालकांच्या संस्थेचा असतो आणि तो मासिक शुल्कातून भरला जातो, तेव्हा आपल्याला फारसा खर्च नाही असा समज होतो. प्रत्यक्षात फरशी, भिंतींचा रंग, ओटा आणि कपाटे, दिवे, उपकरणे, पाणी तापवण्याची टाकी हे सगळे फ्लोरिडाच्या कायद्याने फ्लॅटमालकाच्या वाट्याला येते, आणि त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. खरी मेख संस्थेच्या विम्यातल्या चक्रीवादळाच्या वजावटीत असते. समजा इमारतीचा विमा तीन कोटी डॉलरचा आहे आणि वजावट तीन टक्के आहे. याचा अर्थ वादळाने केलेल्या नुकसानीतले पहिले नऊ लाख डॉलर विमा कंपनी देत नाही. शंभर फ्लॅट असतील तर प्रत्येकी सरासरी नऊ हजार डॉलरची वर्गणी येते. फ्लॅटमालकाच्या विम्यात अशा वर्गणीसाठी कायद्याने किमान दोन हजार डॉलरचे संरक्षण असावे लागते. त्याहून अधिक हवे असेल तर मागून, जादा हप्ता भरून घ्यावे लागते आणि अनेकांना तसे मागायचे असते हेच ठाऊक नसते. शिवाय कर्ज देणारी बँक संस्थेला एक लांबलचक प्रश्नावली पाठवते. दुरुस्त्या रखडलेल्या असतील किंवा निधी अपुरा असेल तर ती त्या इमारतीत कर्जच देत नाही. आमच्या बँकेने नकार दिला नव्हता, पण इमारतीच्या दुसऱ्या टप्प्याचा अहवाल आल्याशिवाय होकारही देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही करार रद्द केल्याचे पत्र दिले. नवऱ्याला वाईट वाटले आणि मलाही, कारण त्या सज्जातून दिसणारा उपसागर खरोखर सुंदर होता. मात्र एक गोष्ट आमच्यापुरती स्पष्ट झाली होती. काँडो घेणे म्हणजे शेजाऱ्यांचे आजवरचे सगळे निर्णय आणि त्यांनी टाळलेली सगळी बिले विकत घेणे, आणि पुढचे निर्णयही त्यांच्याच मतांवर सोडणे. चांगल्या इमारतीत हा सौदा फायद्याचा ठरतो. नव्या, बांधकाम संहितेप्रमाणे बांधलेल्या, निधी भरलेल्या आणि समुद्रापासून आत असलेल्या इमारतीत आम्ही आजही आनंदाने राहिलो असतो. तशा इमारती आम्ही पाहिल्या, पण त्यांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

घरांकडे वळल्यावर पहिल्यांदा भुरळ घातली ती उपसागराजवळच्या स्वस्त, साठ सालच्या आसपास बांधलेल्या बैठ्या घरांनी. अशी कितीतरी घरे आतून कोरी करकरीत होती: पांढरी कपाटे, नवी फरशी, भिंतींना ओल्या रंगाचा वास. हेलिनमध्ये पाणी शिरल्यावर जमिनीपासून चार फुटांपर्यंतच्या जिप्समच्या भिंती कापून टाकून नव्या बसवायच्या, रंग द्यायचा आणि विकायचे, असा उद्योग त्या हिवाळ्यात जोरात चालला होता. 1 ऑक्टोबर 2024 पासून, म्हणजे योगायोगाने दोन वादळांच्या मधोमध, फ्लोरिडात पुराची माहिती लेखी देण्याचा नियम लागू झाला आहे. त्यात तेव्हा विचारलेले असे ते पुराच्या नुकसानीचा विमा दावा केला होता का आणि केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळाली होती का, एवढेच. ज्याने विमाच घेतला नव्हता आणि पदरच्या पैशाने भिंती बदलल्या, त्याचे उत्तर दोन्हीकडे खरेपणाने नाही असे येऊ शकत होते. म्हणून आम्ही शेजारच्या घराची घंटा वाजवून विचारू लागलो. लोक मोकळेपणाने सांगत, आणि बहुतेकांचा हात बोलता बोलता मांडीपाशी किंवा कमरेपाशी जाई.

या घरांबाबतीत आणखी एक नियम असा आहे की फारशी चर्चा होत नसली तरी तो माणसाला रस्त्यावर आणू शकतो. पुराच्या धोक्याच्या पट्ट्यातल्या घराचे नुकसान किंवा सुधारणा जमीन वगळून इमारतीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यापर्यंत गेली, की ते संपूर्ण घर सध्याच्या नियमांप्रमाणे करावे लागते, म्हणजे बहुधा उचलून वर घ्यावे लागते किंवा पाडावे लागते. त्या भागात जमीन महाग आणि जुने घर स्वस्त असल्यामुळे निम्मी मर्यादा फार लवकर गाठली जाते. दोन फूट पाण्याने ते होऊ शकते. राष्ट्रीय पूर विमा योजनेत घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात, आणि दुरुस्तीच्या काळातल्या भाड्याला काहीच मिळत नाही. हे समजल्यावर उपसागराकाठची घरे आम्ही यादीतून काढून टाकली.

शेवटी जे घर घेतले ते उत्तरेला, पास्को काउंटीत वेस्ली चॅपलमध्ये आहे. इथे भारतीय वस्ती बरीच, देऊळ आणि किराणा जवळ, आणि नोकरीला जायला रोज बराच वेळ महामार्गावर. पण घर निवडताना या गोष्टी दुय्यम होत्या. पहिली चाळणी बांधकामाच्या वर्षाची. ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरे भुईसपाट केल्यानंतर राज्यभर एकच बांधकाम संहिता आली आणि ती मार्च 2002 पासून लागू झाली. त्यानंतरचे घर हवे, एवढे आम्ही ठरवून टाकले. दुसरी चाळणी भिंतींची: काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. या भागातल्या अनेक दुमजली घरांचा तळमजला ठोकळ्यांचा आणि वरचा मजला लाकडी चौकटीचा असतो, म्हणून बैठे घर. तिसरी छपराच्या आकाराची, कारण चारही बाजूंना उतरते छप्पर वाऱ्याला त्रिकोणी भिंतीच्या छपरापेक्षा चांगले तोंड देते आणि विम्याचा हप्ताही कमी होतो.

वाऱ्याच्या तपासणीसाठी जो माणूस आला त्याचे काम पाहण्यासारखे होते. तो पोटमाळ्यावर सरपटत गेला आणि छपराच्या लाकडी कैच्या भिंतीला कशाने जोडल्या आहेत त्याचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढत बसला. नुसते तिरके खिळे असतील तर सर्वांत वाईट, लोखंडी क्लिप असेल तर बरे, आणि कैचीवरून वळवून पलीकडे ठोकलेली लोखंडी पट्टी असेल तर उत्तम. आमच्याकडे पट्ट्या निघाल्या. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा श्रीवर्धनहून फोन आला. घराचे फोटो पाहून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराबद्दल काही विचारले नाही, “अगं, वासे भिंतीला नीट बांधलेत ना तिथे? आमचं छप्पर उचललं ते तिथूनच” असे विचारले. अमेरिकेतल्या त्या छापील तपासणीपत्रावरही हाच प्रश्न आहे. नवऱ्याचा स्लॅबचा आग्रह बँकेच्या किंवा माझ्या युक्तिवादांनी सुटला नव्हता. पोटमाळ्यातल्या फोटोंनी तो बराच सैल झाला.

घराच्या विम्याचे दरपत्रक आम्ही बोली लावण्याच्या आधी मागवत होतो. इथे हा क्रम उलटा ठेवून चालत नाही. एकाच गल्लीतल्या, सारख्याच आकाराच्या दोन घरांचे हप्ते केवळ छपराच्या वयावरून जवळजवळ दुप्पट फरकाचे आलेले आम्ही पाहिले. पंधरा वर्षांच्या आतल्या छपराला निव्वळ वयाच्या कारणावरून नकार देता येत नाही असा 2022 चा कायदा आहे. त्यापुढे मात्र छपराचे किमान पाच वर्षांचे आयुष्य उरले आहे हे तपासणीने सिद्ध करावे लागते. आमच्या घराचे छप्पर 2019 साली बदललेले होते, आणि त्याचा परवाना काउंटीच्या संकेतस्थळावर सापडला, तेव्हाच आम्ही विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. खाजगी कंपनीने विमा दिला. न मिळता तर राज्याची सिटिझन्स ही शेवटचा आधार असलेली विमा संस्था होतीच. चक्रीवादळाची वजावट इथेही आहे: चार लाखांच्या विम्याला दोन टक्के, म्हणजे आठ हजार डॉलर. काँडोच्या उदाहरणातल्या आकड्याहून ही रक्कम फार वेगळी नाही. फरक इतकाच की ती कधी, कशासाठी आणि कोणत्या कारागिराला द्यायची हे आम्ही ठरवणार. ती एका वर्षात एकदाच लागते, हा 2024 सारख्या वर्षात मोठाच दिलासा असतो.

पूर विमा आमच्या पट्ट्यात सक्तीचा नव्हता. वस्तीत पावसाचे पाणी साठवायला केलेले तळे घरामागे शंभर-सव्वाशे फुटांवर आहे, आणि मिल्टनच्या पावसात अशी तळी किती भरतात ते सगळ्यांनी पाहिलेले होते. आम्ही विमा घेतला. एरवी या विम्याला तीस दिवस थांबावे लागते, घर खरेदीच्या कर्जाबरोबर घेतल्यास तो त्याच दिवसापासून लागू होतो. आणखी एक व्यवहारी गोष्ट: वादळ जवळ येऊ लागले की विमा कंपन्या नवे विमे देणे तात्पुरते बंद करतात, आणि विम्याशिवाय बँक पैसे सोडत नाही, म्हणजे ऐन खरेदीच्या दिवशी व्यवहार अडकतो. चक्रीवादळांचा मोसम 1 जूनला सुरू होतो. आम्ही मे महिन्यातच सही केली.

घर घेतल्याने संस्थेपासून सुटका झाली असे मात्र कोणी समजू नये. आमच्या वस्तीत घरमालकांची संघटना आहे, तिचे शुल्क आहे, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून किती वाजेपर्यंत आत घ्यायचा याचे नियम आहेत, आणि रस्ते-तळ्यांच्या मूळ कर्जाची परतफेड वेगळी, मालमत्ता करासोबत येते. करातही एक खाच आहे: कायम राहत्या घराच्या करपात्र मूल्याची वाढ दरवर्षी तीन टक्क्यांपर्यंतच होऊ शकते, त्यामुळे जुन्या मालकाचे बिल लोभस दिसते; विक्रीनंतर मूल्यांकन बाजारभावाने नव्याने होते. हप्त्याचा हिशेब त्या नव्या आकड्यावर करावा लागतो.

2025 च्या मोसमात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ चढले नाही, तेव्हा आमच्या निवडीची परीक्षा झालेली नाही. खिडक्यांवर लावायचे पत्रे गॅरेजमध्ये क्रमांक घालून ठेवले आहेत. आम्ही दोघांनी ते एकदा लावून पाहिले तेव्हा सकाळ गेली आणि शिडीवरून उतरताना नवऱ्याने काँडोतल्या काचांची आठवण काढली. साठीनंतर हे काम आमच्याच्याने होणार नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि एकेक करून आघात सोसणाऱ्या खिडक्या बसवायला आम्ही सुरुवात केली आहे. सध्या वाद चालू आहे तो घराच्या आग्नेय कोपऱ्यातल्या लॉरेल ओकबद्दल. या जातीचा ओक झपाट्याने वाढतो आणि आतून लवकर पोकळ होतो, वादळात मोडून पडणाऱ्या झाडांत त्याचा नंबर वरचा. मुलीला त्याची सावली हवी आहे. वृक्षतज्ज्ञ मार्चमध्ये येऊन बुंधा तपासणार आहेत, आणि त्यांनी काढा म्हटले तर जूनच्या आत ते काढायचे, एवढे ठरले आहे.